आये मुंबईला गेली नव्हती

आये,

दादा बरा आहे. आधी हेच लिहिते, कारण तू असतीस तर मी दारात चप्पल काढायच्या आत हेच विचारलं असतंस. त्याचं अंग थोडं सुटलंय, पुढचे दोन दात पडलेत, कानावरचे केस पांढरे झालेत आणि ते बोटाने दाखवून तो भेटेल त्याला सांगतो, "म्हातारा झालो." बाकी बरा आहे. तुला जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोलले, कागदावर मात्र कधी काही उतरवलं नाही. तुला वाचता येत नव्हतं. मुंबईच्या मामाचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायची, आणि त्यात काही वाईट असेल तर तेवढं गाळून पुढे जायची. हे तुला कळत होतं की नाही कोण जाणे. आज काही गाळायचं नाही असं ठरवून बसले आहे. मुलं शाळेत गेलीत, हे पहिल्या पाळीला कंपनीत गेलेत आणि माझी आज सुट्टी आहे.

वाडीवरचं आपलं स्वयंपाकघर मला अजून पाठ आहे. दारातून वाकून आत आलं की डाव्या हाताला चूल, तिच्यामागे काळी पडलेली भिंत, कोपऱ्यात पाण्याचे दोन हंडे. तू भाकरी थापते आहेस. दादा तुझ्या उजव्या हाताला पाटावर बसलाय, मांडीवर हात ठेवून. त्याला तेव्हा मिशा आल्या आहेत. तू भाकरीचा तुकडा दुधात बुडवतेस, त्याच्या तोंडात घालतेस, त्याच हाताने तव्यावरची भाकरी उलटतेस, पुन्हा तुकडा बुडवतेस. एकही घास सांडत नाही. मग तू त्याचं तोंड पुसतेस, उभा करतेस, सदऱ्याची बटणं वरून खाली लावतेस आणि त्याच्या हातात काठी देऊन म्हशींमागे धाडतेस. हे मी रोज बघत होते आणि मला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. आपल्या घरात मोठ्या भावाला आई भरवते, एवढंच.

एकदाच मी वेगळं केलं. मी बारा वर्षांची असेन. तू खाली शेतात होतीस. दादाने चुलीकडे बोट केलं आणि म्हणाला, "मी." मी त्याला फुंकणी दिली. त्याने गाल फुगवून फुंकलं, जाळ भसकन वर आला आणि तो असा हसला की मीही हसले. त्या आनंदात त्याने चुलीवरचा तवा हाताने धरला. तू आलीस तोवर त्याच्या तळव्याला फोड आले होते. तू कोरफड कापून त्याच्या हाताला लावलीस, त्याला निजवलंस आणि मग त्याच फुंकणीने माझ्या पाठीत दोन घातल्यास. "परत त्याच्या हातात काय दिलंस तर याद राख. त्याला देवानं हात दिल्यात ते नुसतं दिसायला." हे म्हणालीस आणि मग तूच चुलीकडे तोंड करून रडत बसलीस. त्यानंतर त्याच्या हातात कोणी काही दिलं नाही. म्हशी तेवढ्या तू त्याच्यावर सोडल्यास, त्या कशा सोडल्यास हे मला आजही कळत नाही. वरच्या माळावर त्याने कधी एकही म्हैस हरवली नाही.

माझ्या लग्नात, आम्ही वाडीवरून खाली उतरायला निघालो तेव्हा, तू मला जवळ ओढलंस. मला वाटलं आशीर्वाद देशील. तू कानात म्हणालीस, "मी मेल्यावर त्याला कुठं टाकू नको गो." मी मान हलवली. एकोणीस वर्षांची मुलगी दुसरं काय करणार.

माझ्या लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली, त्या वैशाखात तुला धाप लागायला लागली. वाडीतल्या चौघांनी डोलीत घालून तुला खाली आणलं आणि महाडला दवाखान्यात तू तीन दिवस होतीस. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तुला परत वर घेऊन गेलो. दादा अंगणात उभा होता. सदरा तसाच उघडा, कारण तीन दिवस बटणं लावायला कोणी नव्हतं. काकांनी मला गोठ्याकडे बाजूला घेतलं. "बाय, त्याला म्हशी घेऊन वर धाड. हितं बघून बिथरल. कोन आवरल त्याला? चितेला आग माजा पोरगा देल." मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. मी घरात जाऊन भाकरी बांधली, त्याच्या हातात दिली. तो अंगणातल्या माणसांकडे बघत म्हणाला, "आये?" मी म्हटलं, "झोपलेय. तू जा. आज लांब जा." तो गेला. तुझ्या एकुलत्या एका मुलाचा मान मी असा काढून घेतला आये, भाकरीचं गाठोडं हातात देऊन. वरच्या माळावरून ओढ्याकाठचं सगळं दिसतं, हे मला त्या वेळी आठवलं नाही.

संध्याकाळी तो म्हशी घेऊन आला आणि सगळं घर धुंडाळलं. काकू म्हणाली, "आये मुंबईला गेली मामाकडं. येल." दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं तेव्हा तेच मीही म्हणाले.

म्हशी काकांनी ठेवून घेतल्या आणि दादाला मी महाडला आणलं. आमच्या दोन खोल्या, सासूबाई, दोन लहान मुलं, ह्यांची पाळीची नोकरी. मी तुझ्यासारखंच सगळं करत होते. भरवत होते, आंघोळ घालत होते, बटणं लावत होते. सासूबाई वाईट नव्हत्या, पण पस्तिशीतल्या माणसाला सून नहाण घालते हे त्यांना बघवत नव्हतं, आणि मला त्यांचा राग येत असला तरी त्यांचं चुकलंही नव्हतं. चार दिवस दादा दाराशी बसून राहिला. पाचव्या दिवशी दिसेना. शोधत शोधत गेले तर एसटी स्टँडवर. मुंबईची गाडी लागली की हा दारापाशी जाऊन उभा राहायचा आणि उतरणाऱ्या एकेका बाईचं तोंड बघायचा. गाडी रिकामी झाली की परत खांबाला टेकायचा. मी हाताला धरून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रस्ता त्याला पाठ झाला होता. माझा दादा, ज्याला म्हशींशिवाय कुणी कधी एकटं सोडलं नाही, तो मी सांगितलेल्या खोट्यापायी महाडचा बाजार एकटा ओलांडायला शिकला.

जवळजवळ वर्षभर हे चाललं. स्टँडवरचे हमाल, चहावाला त्याला ओळखायला लागले. कधी कोणी त्याला घरी आणून सोडायचं. मग एक दिवस तुझ्यासारखं हिरवं लुगडं नेसलेली एक बाई गाडीतून उतरली. त्याने मागून तिचा पदर धरला. ती ओरडली. गाडीतल्या चारपाच जणांना वाटलं भलताच माणूस आहे. चहावाला मधे पडेपर्यंत त्यांनी त्याला मारलं. त्याला घरी आणलं तेव्हा ओठ फाटला होता, आणि हातात पदराचा एक तुकडा होता. तो सोडेना. मी रक्त पुसत होते आणि तो मला सांगत होता, "ती आये नव्हती." रागाने नाही. जणू मला ते कळायला हवं म्हणून.

त्या आठवड्यात हे कामावरून आले ते एक चिठ्ठी घेऊन. कंपनीतल्या कोणाचीतरी बहीण अशाच एका घरात राहत होती. पोलादपूरच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, बंद पडलेल्या एका भातगिरणीच्या आवारात कौलारू घर. मोठ्या वयाच्या मतिमंद माणसांसाठी. शाळा नाही, दवाखाना नाही, नुसतं घर. मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. तुला शब्द दिला होता. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, बघून तरी येऊ.

ते घर चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, सुती साडी, केस कापलेले, आवाज हळू. अंगणात दोन माणसं तांदूळ निवडत बसली होती आणि एक बाई सावकाश झाडू मारत होती. पुन्हा पुन्हा त्याच जागेवर, पण कोणी तिला थांबवत नव्हतं. आम्हाला चहा आला. मी सवयीने दादाचा चहा बशीत ओतला, फुंकला आणि त्याच्या तोंडाशी नेला. बाई म्हणाल्या, "ताई, त्यांना हात आहेत." मी म्हटलं, "सांडेल." "सांडू दे. पुसायला फडकं आहे." त्यांनी बशी माझ्या हातातून घेऊन दादासमोर ठेवली. दादाने माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी बशी उचलली. अर्धा चहा सदऱ्यावर गेला. उरलेला तो प्याला आणि बशी खाली ठेवताना तिचा आवाज होऊ नये म्हणून किती जपून ठेवली त्याने, आये. बाई त्याला "अहो" म्हणत होत्या. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी अहो म्हणत होतं. मला मात्र त्या बाईंचा भयंकर राग आला होता.

त्याला तिथे ठेवून आले. त्याने माझ्याकडे पाठ फिरवली होती. पुढचे तीन गुरुवार मी भेटायला गेले आणि तीनही वेळा तो फाटकाशी उभा होता, हायवेकडे तोंड करून. तिसऱ्या वेळी बाईंनी मला आत बोलावलं. "ते रोज विचारतात, मुंबईची गाडी कवा. तुम्ही त्यांना आईचं काय सांगितलंय?" मी सांगितलं. बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "खरं सांगावं लागेल. आणि ते तुम्हीच सांगायचं."

"त्याला काय समजणार, बाई?"

"मग वर्षभर स्टँडवर ते कोणाची वाट बघत होते?"

बाईंनी मला कसं सांगायचं तेही शिकवलं. देवाघरी गेली म्हणायचं नाही, झोपली म्हणायचं नाही, सोडून गेली म्हणायचं नाही. "मेली म्हणा. साधा शब्द आहे, त्यांना माहीत असलेला. आणि सांगून झालं की गप्प बसा. ते काय करतील ते करू द्या." मी घरी येऊन भांडी घासताना तो शब्द म्हणून बघितला. म्हणता येईना.

पितृपंधरवड्यात काकांच्या घरी तुझं पान होतं. मी दादाला घेऊन वाडीवर निघाले. अर्ध्या चढावर तो मोठा सपाट दगड आहे ना, तिथे दम खायला बसलो. गवत कमरेएवढं वाढलं होतं. त्याला वाटलं म्हशी बघायला चाललोय, खुशीत होता. मी म्हटलं, "दादा, आये मुंबईला गेली नाय. मी खोटं सांगितलं. आये मेली."

तो गवताची काडी सोलत होता. ती सोलून झाली तेव्हा म्हणाला, "चांदी म्हशीवाणी?"

चांदी त्याच्या डोळ्यांसमोर गेली होती, माळावर, साप चावून. "व्हय," मी म्हटलं. "तशीच."

"उठत नाय."

"नाय."

मग तो खाली ओढ्याकडे बघत राहिला. मी गप्प बसले, बाईंनी सांगितलं होतं म्हणून. पुष्कळ वेळाने म्हणाला, "धूर दिसला व्हता मला. तो आयेचा?" मी हो म्हटलं. "तू मला वर धाडलंस." मी हो म्हटलं. त्याने मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने मान हलवली, जसं एखादं हरवलेलं जनावर सापडल्यावर माणूस मान हलवतो, आणि उठून माझ्यापुढे चालायला लागला. त्याला रडू आलं ते वर पोचल्यावर, आपल्या बंद घराच्या दारात. उभ्यानेच रडला, मोठ्याने, तोंड न झाकता. काकू धावत आली, "गप रे, गप," म्हणायला लागली. मी तिला म्हटलं, "राहू दे काकू. त्याची आई मेलेय."

पान ठेवायची वेळ आली तेव्हा काकांचा मुलगा पुढे झाला. दादाने त्याच्या हातातून पान घेतलं. काका म्हणाले, "त्याला कशाला, सांडल." मी म्हटलं, "सांडू दे." हे शब्द माझे नव्हते, पण तोंडातून आले. दादा ते पान दोन्ही हातांवर धरून अंगणाच्या कडेपर्यंत गेला, पाय बघत बघत, आणि दगडावर ठेवलं. थोडी खीर सांडली, जास्त नाही. कावळ्याच्या आधी काकूची तांबडी कोंबडी आली. सगळे तिला हाकलायला धावले. दादा म्हणाला, "खाऊ दे. आयेची हाय." ती कोंबडी तुझ्यावेळची नव्हती, पण मग तिला कोणी हाकललं नाही.

परत आलो तेव्हा त्याच्या खोलीतला जोडीदार पायरीवर बसला होता. हा महाडचा, मुसलमान घरातला, दादापेक्षा लहान. भाऊ सगळे आखातात. त्यांनी पाठवलेलं मोठं घड्याळ दोन्ही हातांपैकी कुठल्यातरी मनगटावर कायम असतं आणि वेळ विचारली की तो नेमकी सांगतो. त्याने दादाचे सुजलेले डोळे बघितले. "काय झालं?" दादा म्हणाला, "आये मेली." त्याने थोडा विचार केला. "माझी अम्मी पण गेली. मी कबर बघितलीय. तू बघितलीस जागा?" "बघितली." "मग ठीक आहे. पाच वाजून दहा मिनिटं झालीत. चल, चहा झालाय." दोघं आत गेले. त्या दिवसानंतर दादा फाटकाशी गाडीसाठी उभा राहिला नाही. मुंबईची गाडी हायवेवरून हॉर्न देत गेली की अजूनही मान वर करतो. तेवढंच.

हिवाळ्यात त्या घरातली एक मदतनीस लग्न होऊन गेली आणि बाईंनी मला विचारलं, याल का कामाला. मी हो म्हटलं ते दादाजवळ राहायला मिळेल म्हणून. पहिल्याच दिवशी बाईंनी मला सांगितलं, की तुम्ही इथे दादांच्या बहीण म्हणून यायचं नाही. सकाळी सगळे कपडे घालत असत तेव्हा माझे हात शिवशिवायचे. एक जण चड्डीच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून खटपट करतोय, एक जणी पोलक्याची उलटी बाही शोधतेय, आणि मी नुसतं बघायचं. बाई म्हणायच्या, "हात मांडीखाली ठेवा." मी खरंच ठेवायची. शिकवायची त्यांची रीत वेगळी होती. बटण काजात जवळजवळ पूर्ण घालून द्यायचं आणि शेवटचं ओढणं तेवढं त्याने करायचं. ते जमलं की अर्धं घालून द्यायचं. मग पाव. मग नुसतं काजाशी टेकवून द्यायचं. दादाच्या सदऱ्यांना मी मोठी बटणं शिवली. पहिलं बटण पूर्ण त्याचं त्याने लावलं त्याला साडेचार महिने लागले. लावलं आणि लगेच काढलं, पुन्हा लावलं. दिवसभर तेच करत होता, जेवायलाही उठेना.

त्या दिवशी मला तुझा फार राग आला आये. संध्याकाळी गाडीत बसले आणि महाड येईपर्यंत तुझ्याशी भांडत होते. साडेचार महिने. तू पस्तीस वर्षं त्याची बटणं लावलीस. म्हटलं, तुला कधी वाटलं नाही का, आपण मेल्यावर ह्याचा सदरा उघडा राहील? पण मग मला ती सकाळ दिसायला लागली. बाबा नाहीत, उन्हं वर आलीत, दोन म्हशी हंबरताहेत, ओढ्यावरून पाणी आणायचंय, खाली लावणी खोळंबली आहे. बटण काजाशी टेकवून देऊन वाट बघत बसायला तुझ्याकडे कुठली सकाळ होती? आणि तुला हे कोणी सांगितलंही नव्हतं. त्या तव्याच्या दिवशी तू घाबरली होतीस, एवढंच. मीही त्या फुंकणीच्या भीतीतच पुढची वीस वर्षं काढली.

तिथे प्रत्येकाच्या कामाची बारी ठरलेली असते. भिंतीवर तक्ता आहे, त्यावर चित्रं, झाडू, केटली, बादली, आणि चित्रापुढे ज्याची त्याची खूण. दादाची खूण म्हैस. पुढे बाईंनी खरोखरच एक म्हैस घेतली आणि तिची धार काढायला तिथे दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, मलाही नाही, मी विसरले होते. दादाने तिच्या पाठीवर हात ठेवला, खाली बसला आणि काढायला लागला. तू त्याला कधी शिकवलंस? की तुझ्या शेजारी बसून बसूनच शिकला? बाईंनी त्याला सांगितलं, आता तुम्ही बाकीच्यांना शिकवा. तो जोडीदाराला शिकवायला बसला. सडावर त्याचा हात धरला, आणि मग स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून बसला. मला हसू आवरेना. बाईही हसत होत्या.

बाजारात तो आता एकटा जातो. आधी मी त्याच्या दहा पावलं मागून जायची, मग वीस, मग कोपऱ्यावर थांबायची, मग फाटकाशी. कधी कधी बिघडतंही. घाई केली की तो जमिनीवर बसतो आणि तासभर उठत नाही, एकदा हायवेच्या कडेला असाच बसला होता आणि माझा जीव गेला होता. पण एका भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. तुला आठवतं, तू त्याच्या मुठीत नाणं कोंबून त्याची मूठ ताटावर उघडायचीस. त्या वर्षी मी ओवाळलं आणि तो खिशात हात घालून म्हणाला, "थांब." कागदाची पुडी काढली. आत हिरव्या काचेच्या बांगड्या. पोलादपूरच्या बाजारातून त्याने स्वतः बोट दाखवून घेतल्या होत्या. कोणी सुचवलं नव्हतं, बाईंनाही माहीत नव्हतं. बांगड्या पाचसहा वर्षांच्या मुलीच्या मापाच्या. माझ्या मुठीतून जाईनात. त्याने माझा हात धरून दोनदा प्रयत्न केला, मग म्हणाला, "तू मोठी झालीस गो बाय." मला वाटतं, त्याच्या डोळ्यांसमोर मी तेवढीच राहिले असेन.

तुला दिलेला शब्द मी मोडला, हे मला रोज वाटत आलं. त्याचं चांगलं चाललंय हे दिसत असूनही वाटत आलं. ह्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. तेरावं झालं, पाहुणे गेले, आतली खोली रिकामी झाली. एक दिवस जेवताना हे आपणहून म्हणाले, "दादांना आणूया का आता? जागा आहे." भला माणूस आहे, हे तुला सांगायचं राहून गेलं होतं. मी म्हटलं, विचारते.

गेल्या मंगळवारी विचारलं. धार काढून झाली होती, आम्ही दोघं गोठ्याच्या कट्ट्यावर बसलो होतो. "दादा, महाडला येतोस राहायला? माझ्याकडे. कायमचा."

त्याने विचार केला. "आणि हा?" जोडीदाराकडे बोट केलं.

"तो इथेच."

"नाय," तो म्हणाला. "उद्या चहाची बारी माजी हाय."

"चहा दुसरं कोणी करेल रे."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी काहीतरी अगदी अडाण्यासारखं बोलले आहे. "माजी हाय," तो म्हणाला, आणि बादली उचलून आत गेला. सदऱ्याचं एक बटण वरच्या काजात गेलं होतं. मी ते नीट केलं नाही.

आता जे कोणाला सांगितलेलं नाही ते लिहिते. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहिता येतंय. दादाला विचारत होते तेव्हा माझ्या मनात एकच चाललं होतं, नाही म्हण, नाही म्हण. त्याच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मला ती रिकामी खोली हवी आहे. मुलगी दहावीला आहे, तिला अभ्यासाला दार लावून बसता येईल, आणि दुपारी मला घटकाभर आडवं होता येईल. आणि तो नाही म्हणाला तेव्हा मी तोंडावर वाईट वाटल्यासारखं दाखवलं, पण फाटकाबाहेर पडल्यावर माझे पाय हलके झाले होते. गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मी डोकं गजाला टेकलं आणि झोपले. महाडचा स्टँड आला, गाडी तिथे दहा मिनिटं थांबली असेल, माणसं चढली उतरली, मला काही कळलं नाही. कंडक्टरने उठवलं तेव्हा महाडच्या पुढचं दासगाव आलं होतं आणि उजेड जायला लागला होता. गाडीतल्या दोन बाया माझ्याकडे बघून हसत होत्या, मी घोरत होते म्हणे. उतरले, रस्ता ओलांडला आणि परत जाणाऱ्या गाडीची वाट बघत नदीकडे तोंड करून उभी राहिले. पाऊण तास गाडी नव्हती आणि मला तिची घाईही नव्हती. घरी ह्यांनी विचारलं एवढा उशीर का, तर मी सांगितलं, गाडी पंक्चर झाली होती.